आकडा इथे, एकक तिथे

सकाळी ९.००

रिलीजच्या आदल्या दिवशी मी मॅन्युअल वाचत नाही, पाहते. मजकूर लिहून, सुधारून, इंजिनिअरांकडून तपासून झालेला असतो. आज राहिलेलं काम एकच: आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरची इन्स्टॉलेशन गाइड वेगवेगळ्या रुंदीत उघडायची आणि ओळी कुठे तुटतात ते बघायचं. ब्राउझरची खिडकी कोपऱ्याला धरून हळूहळू अरुंद करत न्यायची. प्रत्येक रुंदीला परिच्छेद नव्याने मांडला जातो, शब्द एका ओळीतून पुढच्या ओळीत उतरतात, आणि कालपर्यंत नीट दिसणारं वाक्य भलत्याच जागी दुभंगतं.

वाचणाऱ्याचा पडदा किती रुंद आहे हे टेक्निकल रायटरला कधीच माहीत नसतं. तेच पान कुणी मोठ्या मॉनिटरवर वाचतं, कुणी सर्व्हर रूममध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर, कुणी ८० अक्षरांच्या टर्मिनलमध्ये. हा ८० चा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डापासून चालत आला आहे. शिवाय अक्षर खूप मोठं करून वाचणारे असतात. डब्ल्यूसीएजी २.१ ही वेब सुलभतेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मजकूर ३२० पिक्सेल रुंदीतही आडवा सरकवावा न लागता वाचता आला पाहिजे. १२८० पिक्सेलच्या खिडकीत ४०० टक्के झूम केलं की बरोबर तेवढीच रुंदी उरते. म्हणून मी ३२० पर्यंत खाली जाते आणि तिथून पुन्हा वर येते.

पहिला दोष पहिल्याच प्रकरणात सापडतो. ‘लॉग फाइलचा आकार ५० एमबी ते २’ इथे ओळ संपते आणि ‘जीबी’ पुढच्या ओळीत जाऊन पडतं. ओळीच्या टोकाला पोचलेला डोळा अर्थ लावून मोकळा होतो: पन्नास एमबी ते दोन एमबी? मग पुढची ओळ येते आणि मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं. कादंबरीत एवढी अडखळ खपून जाते. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उभा करत असलेल्या माणसाच्या वाट्याला ती येऊ नये. त्याला ते वाक्य एकदाच वाचायला वेळ आहे.

सकाळी ९.४५

उपाय जुना आहे. आकडा आणि एकक यांच्यामध्ये साधी स्पेस न देता न तुटणारी स्पेस द्यायची. ऑफिसात आम्ही तिला एनबीएसपी म्हणतो. १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या मानकात ती होती, युनिकोडमध्ये तिचा क्रमांक ००ए० आहे. दिसायला साध्या स्पेससारखीच, पण तिच्या दोन बाजूंचे शब्द ओळ बदलताना एकमेकांना सोडत नाहीत. आमची गाइड ॲस्कीडॉकमध्ये लिहिलेली आहे. तिथे महिरपी कंसात तिचं नाव टाकलं की काम होतं.

ती कुठे कुठे घालायची याचा सर्वांत नेमका धडा मला फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या दस्तऐवज प्रकल्पाने आपल्या लेखकांसाठी लिहिलेल्या प्राइमरमध्ये मिळाला. या प्रकल्पाने जानेवारी २०२१ मध्ये आपला सगळा दस्तऐवज डॉकबुकमधून ॲस्कीडॉकमध्ये आणला. हा नियम मात्र त्याहून जुना आहे. तिथेही नमुना साठवण-क्षमतेचाच दिला आहे, आकडा एका ओळीत आणि जीबी दुसऱ्या ओळीत. जागा तीन सांगितल्या आहेत: आकडा आणि एकक यांच्यात, प्रोग्रामचं नाव आणि त्याची आवृत्ती यांच्यात, आणि अनेक शब्दांच्या नावांत. तिसऱ्या जागेपाशी लगेच सावधगिरीची सूचना आहे, की तीन-चार शब्दांहून लांब नाव असेल तर जपून. मला ही सूचना मूळ नियमाइतकीच मोलाची वाटते. पाच शब्द एकमेकांना जखडले की ब्राउझरच्या दृष्टीने तो एकच लांबलचक शब्द होतो. मग तो आधीची ओळ अर्धी रिकामी सोडून खाली उतरतो, नाहीतर ३२० पिक्सेलच्या पडद्यावर सरळ बाहेर जातो. बांधावं किती, हा प्रश्न कुठे बांधावं याच्याइतकाच मोठा आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नाशिकहून एक ट्रेनी आली आहे. ती माझ्या शेजारी बसून पाहत असते. ती विचारते, “ताई, एवढं सगळं हाताने घालत बसायचं? मशिनला कळत नाही का?”

काही प्रमाणात कळतं. डोनाल्ड कनूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक ही मुद्रणप्रणाली रचायला घेतली, आणि मायकेल प्लास यांच्याबरोबर १९८१ मध्ये परिच्छेदाच्या ओळी पाडण्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांची रीत अशी की ओळ तुटण्याच्या प्रत्येक शक्य जागेला काही किंमत लावायची आणि अख्ख्या परिच्छेदाची बेरीज कमीत कमी येईल अशा जागा निवडायच्या. न तुटणाऱ्या स्पेससाठी टेकमध्ये ~ हे चिन्ह आहे. तिथे दंड १०,००० लावला जातो, आणि टेकच्या हिशेबात १०,००० म्हणजे अनंत. पण हे चिन्ह कुठे टाकायचं ते टेकलाही ठरवता येत नाही. काही जागी तुटलेली ओळ मोजमापाने निर्दोष असते, मनाला मात्र खटकते, हे कनूथ यांनी ‘द टेकबुक’मध्ये तपशिलात जाऊन मांडलं आहे. ‘आकृती ७’ मधला ७ कशाचा आहे ते अर्थ कळणाऱ्यालाच कळतं. म्हणून मी ट्रेनीला सांगते, वाक्य पहिल्यांदा टाइप करतानाच घाल. अर्थ तेव्हा डोक्यात ताजा असतो. नंतर शोधायला गेलीस की निम्म्या जागा सुटतात.

ब्राउझर बराच काळ एकेक ओळ भरत पुढे जात आले. पुढच्या ओळीचा विचार करून मागची ओळ ठरवण्याची सोय क्रोममध्ये २०२३ मध्ये आली: मथळ्यांसाठी ‘बॅलन्स’, परिच्छेदांसाठी ‘प्रेटी’. परिच्छेदाच्या शेवटी एकच शब्द एकटा उरण्याचं प्रमाण त्याने कमी झालं. आकडा आणि एकक यांचं नातं मात्र त्यालाही कळत नाही.

सकाळी ११.००

सपोर्ट टीमकडून तिकीट येतं. एका ग्राहकाने आमच्या गाइडमधली कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवली आणि उत्तर आलं की अशी कमांड सापडत नाही. त्याने स्क्रीनशॉट पाठवला आहे. स्क्रीनशॉटमध्ये कमांड अक्षरशः बरोबर आहे. एरर मेसेजमध्ये छापलेलं नावही बरोबर दिसतं. त्यामुळे ग्राहक गोंधळला, सपोर्टमधला मुलगाही गोंधळला, आणि तासभर दोघे मिळून सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसले.

मला संशय येतो तो बाइट्स उघडून पाहिल्यावर खरा ठरतो. यूटीएफ-८ मध्ये साधी स्पेस म्हणजे २० हा एकच बाइट. इथे कमांड आणि तिचा पहिला पर्याय यांच्यामध्ये सी२ ए० असे दोन बाइट आहेत. कुणीतरी ही ओळ तुटू नये म्हणून एनबीएसपी कमांडच्या आत घातली आहे. शेलच्या लेखी एनबीएसपी ही स्पेसच नाही. ते एक साधं अक्षर आहे, ‘क’ किंवा ‘ख’ असावं तसं. त्यामुळे कमांड, ते अदृश्य अक्षर आणि पर्याय मिळून शेलला एक लांब शब्द दिसला, आणि त्या नावाचा प्रोग्राम कुठेच नव्हता. एररही खरी होती. फक्त ते अक्षर डोळ्यांना दिसत नव्हतं.

आजच्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे, म्हणून बाकीचं बाजूला ठेवते.

वाचायचा मजकूर आणि कॉपी करायचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचायच्या मजकुरात ओळ सांभाळण्यासाठी खास अक्षर घालायला हरकत नाही, कारण ते अक्षर वाचकाच्या डोळ्यांपाशी संपतं. कॉपी करायच्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर पुढे प्रवास करतं: क्लिपबोर्डमध्ये, टर्मिनलमध्ये, स्क्रिप्टमध्ये, तिथून दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर. तिथे ओळ तुटू द्यायची नसेल तर बंधन मजकुराच्या बाहेरून घालायला हवं, म्हणजे सीएसएसमध्ये. त्या तुकड्याची व्हाइट-स्पेस ‘नोरॅप’ ठेवली की ओळ तुटत नाही आणि कॉपी केलेल्या मजकुरात काहीही नवं शिरत नाही.

हायफनचंही तेच. ‘--ड्राय-रन’ असा पर्याय ओळीच्या टोकाला आला तर ब्राउझर मधल्या हायफननंतर ओळ तोडू शकतो. युनिकोडच्या ओळी तोडण्याच्या नियमावलीत, म्हणजे परिशिष्ट १४ मध्ये, साध्या हायफननंतर तुटायला परवानगी आहे. वाचणाऱ्याला मग प्रश्न पडतो: हा हायफन पर्यायाचा भाग आहे की ओळ मोडली म्हणून छपाईने घातलेला? न तुटणारा हायफन युनिकोडमध्ये आहे, क्रमांक २०११. तो कमांडमध्ये घातला की दिसायला सुरेख, चालवायला निकामी, कारण कोणताही प्रोग्राम त्याला पर्यायाची खूण म्हणून ओळखत नाही. म्हणजे इथेही ‘नोरॅप’.

आणि कमांडच इतकी लांब असेल की नोरॅपने ती पडद्याबाहेर जाते? तर ती लिहिणाऱ्याने स्वतः, अर्थाच्या जागी तोडायची. लिनक्सच्या शेलमध्ये ओळीच्या शेवटी \ द्यायचा, पॉवरशेलमध्ये `, विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ^. इथे एक खाच आहे आणि ती मी प्रत्येक नव्या लेखकाला दाखवते. \ नंतर चुकून एक स्पेस राहिली की शेल त्या स्पेसला धरून बसतो, ओळ जोडली जात नाही, आणि अर्धी कमांड चालून जाते. ती कमांड जुने बॅकअप काढून टाकणारी असेल आणि कोणते काढायचे ते दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

तिकिटाला उत्तर लिहिते, ग्राहकासाठी दुरुस्त कमांड साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जोडते, आणि अख्ख्या गाइडमध्ये कमांडच्या ठोकळ्यांत सी२ ए० कुठे आहे ते शोधायला स्क्रिप्ट लावते.

दुपारी १२.३०

जावा टीममधला इंजिनिअर येतो. त्यांची एक टेस्ट नव्या जेडीकेवर फेल होते आहे, आणि त्याने ऐकलं आहे की अदृश्य अक्षरांचं खातं माझ्याकडे असतं. वेळ वाचणारा कोड ‘११:३० एएम’ हे वाचू शकत नाही. समोरासमोर ठेवल्या तर दोन्ही स्ट्रिंग हुबेहूब.

हे मला माहीत आहे, आणि सांगताना वाईटही वाटतं, कारण यामागचा हेतू माझ्याच कामाचा होता. भाषांनुसार तारीख-वेळ कशी लिहायची याचा जगभरचा तपशील युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेच्या आकड्यात आणि एएम-पीएममध्ये साध्या स्पेसऐवजी अरुंद न तुटणारी स्पेस आली, क्रमांक २०२एफ. आकडा एका ओळीत आणि एएम दुसऱ्या ओळीत जाऊ नये, हे मुद्रणाच्या दृष्टीने अगदी योग्य. पण मार्च २०२३ च्या जेडीके २० मध्ये हा तपशील आला आणि साधी स्पेस गृहीत धरून वेळ वाचणारा कोड जागोजागी अडला. ब्राउझरांतही तेच झालं. क्रोम आणि फायरफॉक्स यांनी आपल्यापुरती साधी स्पेस परत आणली.

सकाळच्या तिकिटात आणि यात मला फरक दिसत नाही. माणसाच्या डोळ्यांसाठी घातलेलं अक्षर मशिनच्या हातात गेलं. इंजिनिअरला सांगते, तुमची टेस्ट छापील वेळेवर अवलंबून ठेवू नका. मशिनने मशिनशी बोलायचं असेल तर आयएसओ ८६०१ मध्ये बोला. तो मान डोलावतो, म्हणतो, “पण ग्राहकांच्या जुन्या फाइली आहेत ना.” ते खरं आहे. त्या वाचताना दोन्ही स्पेस चालवून घ्याव्या लागतील.

दुपारी १.३०

जेवायला आमच्याबरोबर एक ज्येष्ठ सहकारी असतात. ते या क्षेत्रात येण्याआधी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, खिळे जुळवण्याच्या शेवटच्या वर्षांत. जुळारी ओळ कशी भरत असे ते त्यांना हातांनी दाखवता येतं: स्टिकवर खिळे रचत जायचे, टोकाला शब्द मावला नाही की शब्दांमधल्या जागा थोड्या कमी करून तो आत घ्यायचा, नाहीतर जागा वाढवून खालच्या ओळीत ढकलायचा. ‘रु.’ ओळीच्या टोकाला आणि रक्कम खाली, असं गेलं तर फोरमन ते प्रूफ तसंच परत पाठवत असे. ते म्हणतात, “आम्हाला नियम पाठ नव्हते, ओळ दिसत होती.” आम्हाला ओळ दिसत नाही, म्हणून आम्हाला नियम लागतात. जेवण आटोपून मी जागेवर येते तेव्हा सकाळी लावलेल्या स्क्रिप्टचा निकाल आलेला असतो: आणखी काही जागा निघाल्या आहेत.

दुपारी २.३०

आता उलटा प्रश्न. सकाळभर ओळ तुटू नये यासाठी झटले. तक्त्यांमध्ये ओळ तुटायलाच हवी, आणि ती तुटत नाही. सेटिंगांच्या तक्त्यात डाव्या रकान्यात नावं आहेत, सहा-सात इंग्रजी शब्द अंडरस्कोअरने जोडलेले. ब्राउझरला तो एकच शब्द. तो रकाना मोबाइलवर सगळा पडदा खातो आणि उजवीकडचं स्पष्टीकरण दोन-दोन अक्षरांच्या उभ्या पट्टीत आक्रसतं.

घाईत असलेला डिझायनर इथे ‘ब्रेक-ऑल’ लावतो. मी तसं करू देत नाही. त्याने शब्द कुठेही तुटतो. ‘टाइमआउट’चा ‘टाइमआ’ वर आणि ‘उट’ खाली. सॉफ्ट हायफनही चालणार नाही, कारण ओळ तुटली की तो दिसणारा हायफन छापतो आणि सेटिंगच्या नावात नसलेली रेघ वाचकाच्या माथी मारतो. शून्य रुंदीची स्पेस, क्रमांक २००बी, तुटण्याला नेमकी जागा देते आणि डोळ्यांना दिसत नाही. पण ती अक्षर आहे, कॉपी होते, आणि कॉन्फिग फाइलमध्ये गेली की ते नाव कुठल्याच सेटिंगशी जुळत नाही. उरतो एचटीएमएलचा डब्ल्यूबीआर टॅग. तो ब्राउझरला सांगतो की लागलं तर इथे तोड, आणि स्वतः मजकुरात उतरत नाही. प्रत्येक अंडरस्कोअरनंतर तो घातला जावा एवढा बदल टेम्प्लेटमध्ये करून घेते. आता नाव शब्दाच्या सांध्यावर तुटतं, आणि कॉपी केलं तर अखंड येतं.

वेब पत्त्यांनाही हाच न्याय. छापील पीडीएफमध्ये पत्ता दोन ओळींत गेला तर मध्ये हायफन घालायचा नाही, हे शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलही सांगतं. एकेरी / किंवा टिंब यांच्या आधी तोडायचं, म्हणजे पुढची ओळ चिन्हाने सुरू होते आणि पत्ता पुरा झालेला नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. ही बारीक गोष्ट मला फार आवडते. ओळ तुटूनही वाचकाला पुढे काय आहे त्याची खूण मिळते.

दुपारी ४.००

गाइडबरोबर मॅन पेजही जातं, टर्मिनलमध्ये वाचायचं. त्याची भाषा वेगळी आणि वयाने फार मोठी: युनिक्सचं पहिलं मॅन्युअल १९७१ चं. आज ही पानं बहुतेक लिनक्स यंत्रांवर ग्रॉफ नावाचा प्रोग्राम मांडतो. तिथे न तुटणाऱ्या स्पेससाठी \ आणि स्पेस, शब्दाच्या आधी \% दिलं की त्या शब्दाला हायफन लावून तोडायचं नाही.

हायफनची गोष्ट इथे आणखी टोकाला जाते. ग्रॉफमध्ये नुसती - ही भाषेतल्या जोडशब्दाची खूण मानली जाते, आणि \- ही कमांडमधली रेघ. अनेक वर्षं लेखकांनी फरक पाळला नाही, कारण पडद्यावर दोन्ही सारख्याच उमटत. जुलै २०२३ मध्ये ग्रॉफ १.२३ आलं आणि यूटीएफ-८ टर्मिनलवर नुसत्या रेघेच्या जागी छपाईचा खरा हायफन, क्रमांक २०१०, उमटू लागला. पर्याय कॉपी करणाऱ्यांच्या कमांड चालेनात, मॅन पेजमध्ये पर्याय शोधला तर सापडेना. बरीच चर्चा झाली. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या पॅकेजमध्ये जुनीच वागणूक ठेवली. माझ्या मते ग्रॉफच्या देखभाल करणाऱ्यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं, भाषेची रेघ आणि कमांडची रेघ वेगळ्याच आहेत. पण वाचकाच्या बाजूने निर्णय डेबियनने घेतला. मी आमच्या पानातल्या सगळ्या पर्यायांना \- लावलं आहे का ते बघते. लावलं असेल तर कोणत्याही यंत्रावर ते पान चालेल आणि कुणाची बाजू घ्यायची वेळ येणार नाही.

संध्याकाळी ५.००

मराठी आवृत्ती. आमचं सॉफ्टवेअर राज्यातल्या काही पतसंस्था वापरतात आणि शाखेतल्या कर्मचाऱ्यांसाठी छोटी मराठी पुस्तिका असते. ती मी शेवटी घेते, कारण तिला वेळ हवा असतो.

इथे इंग्रजीचे नियम जसेच्या तसे पुरत नाहीत. ‘१६ जीबी’, ‘आवृत्ती ४.२’, ‘पान क्र. १२’, ‘रु. ५००’, ‘इ. स. २०२४’ इथपर्यंत ठीक, ‘इ. स.’मध्ये तर दोन ठिकाणी बांधावं लागतं. खरी अडचण प्रत्ययांची. मराठीत ‘ला’, ‘ने’, ‘च्या’ शब्दाला चिकटून येतात. पण शब्द म्हणजे बटणाचं किंवा फाइलचं नाव असेल आणि ते वेगळ्या टाइपात असेल, तर लेखक मध्ये हायफन घालतात. हायफन आला की ओळ तिथे तुटू शकते, आणि पुढची ओळ ‘च्या’ने सुरू होते. ‘च्या’ने सुरू होणारी ओळ मराठी वाचकाला कशी वाटते ते मी वेगळं सांगायला नको. प्रत्यय हा शब्दाचा अवयव आहे. मी नाव आणि प्रत्यय यांना एकाच नोरॅपमध्ये ठेवते, आणि जिथे वाक्य फिरवता येतं तिथे फिरवते: ‘बॅकअप-च्या’ऐवजी ‘बॅकअप या बटणाच्या’. वाक्य फिरवणं हा अनेकदा सर्वांत चांगला उपाय असतो. स्पेसची खटपट करण्याआधी लेखकाने आपल्या वाक्याकडे पाहावं.

आणि मग ती गोष्ट घडते जिची मला सकाळपासून धास्ती होती. सकाळच्या तिकिटानंतर एका तत्पर सहकाऱ्याने साफसफाईची स्क्रिप्ट लिहिली: सगळ्या फाइलींतली सगळी अदृश्य अक्षरं काढून टाकायची. ती त्याने अजून मुख्य शाखेत टाकलेली नाही, फक्त रिव्ह्यूला पाठवली आहे. मी मराठी फाइलींवर तिचा परिणाम बघते. ‘दुसऱ्या’ या शब्दाचा काही ठिकाणी ‘दुसर्या’ झाला आहे. पहिल्यात य च्या डाव्या अंगाला चंद्रकोरीसारखा र आहे, दुसऱ्यात तो रफार होऊन डोक्यावर चढला आहे, आणि उच्चारच बदलला. कारण असं की हा र दोन रीतींनी साठवता येतो. एक रीत नुक्त्याच्या ऱ ची. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक २००डी. आमच्या काही लेखकांचे कीबोर्ड ही दुसरी रीत वापरतात. स्क्रिप्टने तो जोडक फालतू अदृश्य अक्षर समजून काढला.

सहकाऱ्याला फोन करते. “अरे, हे अक्षर दिसत नाही, पण ते मराठी अक्षराचाच भाग आहे. तू काढलंस की शुद्धलेखन मोडतं.” तो लगेच स्क्रिप्ट मागे घेतो. आम्ही दोघे मिळून तिचं काम आकुंचित करतो: ००ए०, २०२एफ, २००बी आणि २०११ एवढीच अक्षरं, तीही फक्त कमांड आणि कोडच्या ठोकळ्यांत. २००डी आणि तिची बहीण २००सी यांना हात लावायचा नाही, कुठेही. आणि सगळ्या मराठी फाइलींत चंद्रकोरीचा र एकाच रीतीने, ऱ वापरून, लिहायचा. म्हणजे पुढे कुणी पुन्हा अशी स्क्रिप्ट चालवली तरी शब्द शाबूत राहतील.

संध्याकाळी ६.१५

दिवसभरातलं जेवढं नियमात बांधता येईल तेवढं बांधून ठेवायचं. तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये दोन नियम टाकते. गद्यात आकड्यानंतर साधी स्पेस आणि एकक आलं तर इशारा. कोडच्या ठोकळ्यात वरच्या चार अक्षरांपैकी कोणतंही आलं तर बिल्ड थांबवायचं. पहिल्याला इशाराच पुरे, कारण त्याने फार तर वाचणारा अडखळतो. दुसऱ्याने त्याचं काम बिघडतं. लांब नावांसाठी नियम करत नाही. तीन शब्दांचं नाव कुठे बांधायचं आणि कुठे मोकळं सोडायचं ते माणसानेच पाहावं.

ट्रेनीला मूळ फाइलीतल्या ओळींबद्दलही सांगते, कारण तिने आज परिच्छेद सलग टाइप केले आहेत. मूळ फाइलीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचं. छापताना त्या ओळी एकत्र होतात, वाचकाला काही फरक दिसत नाही. पण एक शब्द बदलला की गिटमध्ये एकच ओळ बदललेली दिसते आणि रिव्ह्यू करणाऱ्याला अख्खा परिच्छेद पुन्हा वाचावा लागत नाही. ब्रायन कर्निघन यांनी युनिक्सच्या नवशिक्यांसाठी १९७४ मध्ये लिहिलेल्या टिपणात हाच सल्ला आहे. ती आपली फाइल उघडून वाक्यं खाली उतरवायला बसते.

बिल्ड होतं. पुन्हा ३२० पिक्सेल, पुन्हा ८० अक्षरं, पुन्हा पीडीएफ. ‘५० एमबी ते २ जीबी’ आता सगळ्या रुंदींत एकत्र आहे. परवान्यांच्या तक्त्याचा शेवटचा रकाना मात्र पीडीएफमध्ये अजून कागदाबाहेर जातो. त्यावर कोणत्याही स्पेसचा इलाज नाही. पाच रकाने ए-४ च्या रुंदीत मावतच नाहीत. तो तक्ता मोडून प्रत्येक परवान्यासाठी दोन रकान्यांचा वेगळा छोटा तक्ता करते आणि बिल्ड पुन्हा लावते. रिलीज उद्या दुपारी तीनला आहे. अमेरिकेतल्या टीमला पीडीएफ आज रात्रीच बघायला मिळायला हवी.